मिठाच्या पाण्यातलं सोवळं

इंदूरमध्ये समुद्राचे मासे पाळले की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक, "भिया, गजब! समुंदर ही उठा लाए घर में!" म्हणत काचेला नाक लावून उभे राहणारे. दुसरे आमच्या हिच्यासारखे, "हे खूळ कशाला पाहिजे होतं?" असं महिन्यातून एकदा तरी विचारणारे. हिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. असतं तर दिलं असतं.

छत्रीबागेतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत चार फुटी टँक आहे. नळाला नर्मदेचं पाणी येतं, ते दोनदा गाळायचं, त्यात पोत्यातलं समुद्री मीठ मोजून विरघळवायचं, मग ते टँकमध्ये. खाली वाळू, मधे दगड. नऊ वर्षं हा उद्योग चालू आहे. मी तुकोगंजात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करतो. दिवसभर लोकांचे रिपोर्ट तपासून पाठवायचे आणि काउंटरवर कुणी विचारलंच तर सांगायचं, "डॉक्टरांनी दिलाय तेवढा कोर्स पूर्ण करा, मधेच सोडू नका." हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की आता तोंड आपोआप बोलतं. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे लागेल.

टँक माझा, पण त्यातला नारिंगी मासा माझ्या आईचा. अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला, बोटभर लांबीचा क्लाऊनफिश. टँक आणला त्याच वर्षी तो आला. वडील गेल्यानंतर आईनं आपली वेताची खुर्ची टँकसमोर आणून ठेवली आणि मग ती तिथून हललीच नाही. सकाळी आंघोळ करून आली की हातातल्या पाटल्या काचेवर दोनदा वाजवायच्या. दगडामागून हा पठ्ठ्या सरळ वर. मग ती चिमटीनं दाणे सोडणार आणि सोडता सोडता त्याला सगळं सांगणार. गुडघा दुखतोय, शेजारच्या घरी पाहुणे आलेत, भाजीवाला लबाड आहे. मी पेपर वाचताना हे ऐकायचो. माझ्याशी ती इतकं बोलत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी ऐकलंही नसतं.

गेल्या दिवाळीच्या आधी मी एक निळा मासा आणला. दुकानदार भला माणूस, दहा वेळा म्हणाला, "भिया, महिनाभर अलग रखना, फिर डालना." पण दिवाळीला पाहुणे येणार होते आणि टँक भरलेला दिसायला हवा होता. मी त्याच दिवशी सोडून दिला. आठ दिवसांत सगळ्यांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. भाऊबीजेपर्यंत चार मासे गेले, त्यात तो निळाही. उरला एकटा नारिंगी, त्याच्याही अंगावर ठिपके होतेच.

हा रोग मोठा चिवट असतो. त्याचा किडा माशाचं अंग खातो, मग गळून वाळूत पडतो, स्वतःभोवती कवच करून बसतो, आणि फुटला की नवी पिल्लं दुसरा मासा शोधत निघतात. मासा मिळाला नाही तर उपाशी मरतात. म्हणून उपाय एकच. मासा बाहेर काढून वेगळ्या टबमध्ये औषधात ठेवायचा आणि टँक माशाविना अकरा आठवडे तसाच रिकामा चालू ठेवायचा. अकरा आठवडे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अच्छा. मतलब सुतक."

"सुतक नाही गं. क्वारंटाइन."

"तेच ते. शिवाशिव पाळायची ना? मला नको शिकवू."

आणि खरंच शिकवायची गरज नव्हती. आमची आई एके काळी या विषयातली हेडमास्तर होती. सोवळं कडक. आंघोळ करून, ओलं लुगडं पिळून तेच नेसून स्वयंपाकाला उभी राहायची, आणि मधे कुणी शिवलं की पुन्हा पहिल्यापासून. शाळेतून आलेला मी तिच्यापासून चार हातांवर उभा राहून खायला मागायचो. आमचं लग्न झालं तेव्हा ही बँकेच्या परीक्षा पास झालेली मुलगी, पण महिन्यातले चार दिवस तिला मागच्या खोलीत वेगळं ताट आणि वेगळी सतरंजी. मी काही बोललो नाही. मी कधीच काही बोललो नाही, ते हिनं लक्षात ठेवलेलं आहे. पुढे वडील आजारी पडले, दवाखाने सुरू झाले, तसं सोवळं गळत गेलं. आता फक्त गणपतीच्या नैवेद्याला उरलं होतं.

ते माशासाठी परत आलं. टब मागच्या खोलीत ठेवला, नेमका त्याच खोलीत. ही दारात उभी राहून म्हणाली, "घ्या. बसला एकदाचा कुणीतरी दुसरा इथे." आई ऐकूनही न ऐकल्यासारखं करून टबमध्ये पाइपाचा तुकडा नीट बसवत होती, त्याला लपायला जागा हवी म्हणून.

मी नियम सांगितले. टबची जाळी वेगळी, टँकची वेगळी. टबच्या पाण्याचा थेंबही टँकला लागता कामा नये. टँकच्या कडेवर रोज मीठ चढतं, पांढरी खपली धरते, ती पुसायला निळं फडकं. टबची कड पुसायला लाल फडकं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नळाचं पाणी कशालाच लागू द्यायचं नाही, त्यातलं क्लोरीन टँकमधल्या दगडांवरच्या बारीक जीवांना मारतं. आईनं सगळं दोनदा म्हणून दाखवलं. रोज सकाळी आंघोळ झाली की आधी टँक, मग टब. मधे कुणाला खोलीत शिरू द्यायची नाही. एकदा मी घाईत लाल फडकं टेबलावर टाकलं तर केवढी उखडली! "अरे, निदान आपले नियम तरी पाळ!" पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, पण चालण्यात असा जोर आलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. एका बुधवारी हिला बरोबर घेऊन खजरान्याच्या गणपतीला गेली आणि देवळाच्या मागच्या भिंतीवर कुंकवानं उलटं स्वस्तिक काढून आली. नवस बोलताना तिथे उलटं काढतात, आणि पुरा झाला की जाऊन सुलटं.

"माशासाठी नवस?" मी म्हटलं.

"मग कुणासाठी बोलू? तुम्ही सगळे ठणठणीत आहात."

आता माझी गोष्ट. टबमध्ये तांब्याचं औषध घालायचं असतं, निळं, थेंब मोजून, पूर्ण तीस दिवस. दुकानदारानं बाटलीवर पेननं तीस लिहून दिलं होतं. सातव्या दिवशी नारिंगीच्या अंगावरचे ठिपके गेले. आठव्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. तोंड उघडं टाकून कोपऱ्यात नुसता लटकून राहिला. आई त्याच्यापुढे वाकून पाटल्या वाजवत होती, हळू, पुन्हा हळू, आणि तो हलत नव्हता. औषधानंच मरतोय असं वाटलं. ती देवपूजेला बसली तेव्हा मी अर्धं पाणी बदललं, आणि त्या दिवसापासून औषध घातलं नाही. दोन दिवसांत तो खायला लागला. ठिपके नव्हतेच. मी स्वतःला सांगितलं, बरा झाला. कुणाला काही बोललो नाही. बाटली टबच्या वरच्या फळीवर होती तिथेच राहिली.

अकरा आठवडे पुरे झाले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. आईनं कॅलेंडरवर रोज एक फुली मारली होती, शेवटच्या दिवशी तर दोन मारल्या. पण दुकानदार फोनवर म्हणाला, "कैलेंडर पे मत जाओ भिया. पहले काली मॉली डाल के देखो." काळी मॉली म्हणजे साधी गोड्या पाण्यातली, अंगभर काळी कुळकुळीत. थेंब थेंब करून मिठाच्या पाण्याची सवय लावली की त्यातही जगते. तिला रिकाम्या टँकमध्ये पंधरा दिवस सोडायची. रोग शिल्लक असेल तर तिला धरतो, आणि काळ्यावर पांढरा ठिपका लगेच दिसतो.

आईला हे पटेना. "म्हणजे आपला वाचावा म्हणून हिला मरायला घालायची?"

"आई, मासा आहे तो."

"मग नारिंगी कोण आहे?"

मी चिडून म्हटलं की एवढा जीव तुटत असेल तर सोड नारिंगीला तसाच. मग मॉलीला टँकमध्ये सोडताना आई बाजूला उभी राहून पुटपुटत होती, "चूक आमची, भोग तुझा. माफ कर हो बाई."

लॅबमधून मी एक भिंग आणलं. रोज सकाळी निघण्यापूर्वी आणि आल्यावर मॉलीच्या मागे टँकभर भिंग फिरवायचं. शेपटी, पर, कल्ल्यांच्या कडा. आई खुर्चीतून विचारायची, "स्वच्छ?" मी म्हणायचो, "स्वच्छ." पाच दिवस, आठ दिवस, दहा दिवस. मॉली मजेत होती, दगडावरचं शेवाळ खात फिरायची. दहाव्या दिवशी आई म्हणाली, "पाचच उरले रे," आणि मागच्या खोलीत जाऊन नारिंगीलाही तेच सांगून आली.

बाराव्या दिवशी शेपटीवर एक ठिपका दिसला. वाळूचा कण असेल म्हणून मी दहा मिनिटं थांबलो. मग दुसरा दिसला, कल्ल्याजवळ. तिसराही.

माझं डोकंच फिरलं. अकरा आठवडे, बारा दिवस, सगळ्यावर पाणी पडलं. टँकमध्ये तर मासाच नव्हता, मग हे आलं कुठून? मी जाळ्या बघितल्या, बादल्या बघितल्या. शेवटी न्हाणीघरात गेलो. कोपऱ्यात झाकण घातलेली छोटी बादली होती. झाकण काढलं. आत पाणी, आणि त्या पाण्यात लाल आणि निळं, दोन्ही फडकी एकत्र भिजत पडलेली.

"हे काय आहे?"

आई पदराला हात पुसत आली. "फडकी."

"दोन्ही एकत्र? मी काय सांगितलं होतं? वेगळी धुवायची, उन्हात कडक वाळवायची! वाळली की किडा मरतो!"

"बाहेर दोरीवर? तिथे सगळ्यांचे कपडे शिवतात, कावळे बसतात. म्हणून ओली ठेवली. ओलं आहे तोवर..." मग म्हणाली, "आणि नळाचं पाणी नको म्हणाला होतास तू. म्हणून मिठाचंच घातलं. टबातलं, तू काढून ठेवतोस ना, त्यातलं. फेकायचंच होतं ते."

तिचं बोलणं मला तेव्हाही समजलं होतं. तिच्या हिशेबात ओलं ते सोवळं आणि वाळलेलं ते ओवळं, साठ वर्षं ती असंच जगली. इथे बरोबर उलटं होतं. वाळवण्याचं मी सांगितलं असेन, पण का वाळवायचं ते नाही सांगितलं. तिनं माझे नियम पाळले होते आणि स्वतःचेही, आणि दोन्ही एका बादलीत घातले होते. हे सगळं मला त्या क्षणी, बादलीवर वाकलेला असतानाच कळलं. आणखीही एक कळलं. नारिंगीच्या अंगावर ठिपका दिसत नसला तरी टबातल्या पाण्यात अजून किडा होता, म्हणूनच तो फडक्यावर आला. तीस दिवस औषध पडलं असतं तर त्या बादलीत साधं मिठाचं पाणी असतं, दुसरं काही नाही.

हे कळलं आणि मी जास्तच ओरडलो.

"तू ज्याला हात लावतेस ना, त्याचा सत्यानाश होतो!" मी म्हणालो. "आता कशाला हात लावू नकोस! कशालाच!"

ही डबा भरत होती, तिच्या हातात पोळी तशीच राहिली. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. स्वतःच्या हातांकडे बघितलं, एकदा पालथे, एकदा उताणे, आणि पदराखाली घेतले. मग आत जाऊन बसली. खुर्चीत नाही, पलंगावर.

मॉलीला मी काढलं आणि टबमध्ये नारिंगीबरोबर ठेवलं. औषध पुन्हा सुरू केलं, या वेळी मोजून, तीसच्या तीस दिवस, बाटलीच्या तळापर्यंत. टँक पुन्हा अकरा आठवड्यांसाठी रिकामा. सगळं मी एकटा करत होतो. फडकी उन्हात कडकडीत वाळवत होतो. नारिंगीनं पुन्हा खाणं सोडलं, पुन्हा कोपऱ्यात लटकला. या वेळी त्याच्यासमोर पाटल्या वाजवायला कुणी नव्हतं. आई त्या खोलीच्या दारापर्यंत यायची, तिथून विचारायची, "आहे?" मी म्हणायचो, "आहे." परत जायची.

दोन-तीन आठवडे मला वाटलं, रुसली आहे. रुसू दे, म्हातारी माणसं रुसतातच. माझा जीव टबातल्या त्या बोटभर माशात अडकला होता. लॅबमध्ये रिपोर्टवर सही करताना डोळ्यासमोर तो यायचा. तो मेला तर आईला काय तोंड दाखवू, एवढं एकच डोक्यात होतं. आईला काय झालंय हे बघायला मात्र सवड नव्हती.

ते हिनं बघितलं. रंगपंचमीच्या दिवशी. आमच्याकडे आई सगळ्यात आधी सगळ्यांच्या कपाळाला गुलाल लावते, मग बाकीचे. बाहेर गेरच्या मिरवणुकीची धामधूम, गल्लीत ढोल, आणि आई ताटलीपुढे नुसती उभी. "तूच लाव सगळ्यांना," हिला म्हणाली. घर रिकामं झालं तसं हिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तुम्हाला दिसतंय का काही? परवा त्यांनी मला विचारलं, 'लोणच्याच्या बरणीला हात लावू का?' दही विरजायला मला हाक मारतात. देवाला फूल वाहायचं तर दुरून टाकतात. त्यांचं घर आहे हे! माझे महिन्यातले चार दिवस असायचे. चार दिवस संपले की संपायचे. त्यांचे तर रोजचेच झालेत."

मी म्हटलं, "तुला तर बरं वाटायला हवं." हे शब्द तोंडातून गेले आणि मलाच माझी शरम वाटली.

ती म्हणाली, "वाटलं होतं तसं कधीतरी. पंचवीस वर्षं वाट बघितली होती, सासूबाईंना कुणीतरी एकदा लांब बसवावं. आता बघवत नाही."

तेव्हा मी तिला औषधाचं सांगितलं. आठव्या दिवशी बंद केलं, भीतीनं, आणि कुणाला बोललो नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मग सांगा ना त्यांना," एवढंच म्हणाली.

"सांगतो."

पण सांगितलं नाही. रोज ठरवायचो. सकाळी घाई असायची, संध्याकाळी थकवा. मग असं ठरवलं की नारिंगी टँकमध्ये परत गेला की सांगू, आनंदाच्या भरात सांगितलं की लागणार नाही. ही पळवाट आहे हे मला माहीत होतं. लोकांना रिपोर्ट देताना मी कधी म्हणतो का, तुम्ही खूश असाल तेव्हा या?

एप्रिल आला, ऊन तापलं. टबचं पाणी गरम होऊ नये म्हणून मी दुपारी लॅबमधून घरी येऊन त्यावर पंखा धरायचो. बर्फाच्या बाटल्या सोडायचो. नारिंगी वाळला होता, पट्टे मळल्यासारखे दिसत होते, पण खायला लागला होता. अकरा आठवडे संपले. मॉली आता मिठाच्या पाण्यात मुरलेली होती, तिला औषध नसलेल्या मिठाच्या पाण्यातून काढून पुन्हा टँकमध्ये सोडली. आई दारातून म्हणाली, "पुन्हा तिलाच?"

"तिलाच. नवी नको."

"हं."

पुन्हा भिंग. पुन्हा शेपटी, पर, कल्ले. या वेळी मी पंधराच्या जागी एकवीस दिवस बघितलं. आईनं एकदाही "स्वच्छ?" असं विचारलं नाही, आणि मी रोज मोठ्यानं, घरभर ऐकू जाईल असं, "स्वच्छ!" म्हणत होतो. एकविसाव्या दिवशीही मॉलीच्या काळ्या अंगावर काहीही नव्हतं. मी भिंग खाली ठेवलं.

नारिंगीला भांड्यात घेऊन आलो. आईला हाक मारली, "ये, तू सोड." ती आली, टँकपासून चार हातांवर उभी राहिली. हात मागे. "तूच सोड. मी बघते इथून." मी आग्रह केला, तर मागे सरकली. शेवटी मीच भांडं पाण्यात टेकवून तिरकं केलं. तो बाहेर आला, क्षणभर भांबावला, आणि मग आपल्या जुन्या दगडामागे सुळकन गेला, सहा-सात महिने मधे गेलेच नव्हते अशा थाटात. हिनं टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, मी लपवलं नाही. आईच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण पाटल्या तिनं वाजवल्या नाहीत. तो दगडामागेच राहिला.

सांगायचं राहूनच गेलं.

पुढच्या बुधवारी आई म्हणाली, खजरान्याला जायला हवं, नवस फेडायचा आहे. मी रजा टाकली. मोतीचूर घेतले, हार घेतला. दर्शनाची रांग मोठी होती, आई काठी टेकत सगळी उभी राहिली. मग आम्ही देवळाच्या मागच्या बाजूला आलो. भिंतीवर माणसांच्या नवसांची गर्दी, कुंकवावर कुंकू. आपलं उलटं कुठलं हे ओळखायला काही मार्ग नव्हता. पण आई एका जागी थांबली, म्हणाली, "हेच." आणि कुंकवाची पुडी माझ्यापुढे धरली.

"तू काढ सुलटं."

"नवस तुझा आहे आई. तूच काढायला हवं."

"नको. माझा हात नको लागायला." अगदी साधेपणानं म्हणाली, बाजारात कोथिंबीर नको म्हणावं तसं. "आत्ताच तर बरा झालाय. परत काही व्हायला नको."

मागे लोक उभे होते. कुणीतरी म्हणालं, "माताजी, जल्दी करो." आणि तिथे, त्या रेटारेटीत, मी सांगितलं. आई, तुझ्या हातानं काही झालं नाही. औषध मी बंद केलं होतं. तीस दिवसांचं, आठव्या दिवशीच. ते पुरं केलं असतं, तर फडकी कशीही ठेवली असतीस तरी काही झालं नसतं. मला माहीत होतं, आणि तरी मी तुझ्यावर ओरडलो.

तिनं माझ्याकडे बघितलं. "ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"बाटली पाऊणभर तशीच होती ना. रोज फळी पुसायची मी. त्यावर तीस लिहिलं होतं, मला वाचता येतं."

"मग बोलली का नाहीस? त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"तू घाबरला होतास रे," ती म्हणाली. "लहानपणीही असाच ओरडायचास, घाबरलास की." मग म्हणाली, "पण फडकी मीच एकत्र ठेवली होती. ते खोटं नाही."

मी तिचा हात धरला, उजवा. किती महिन्यांनी धरला कोण जाणे. पुडी उघडून तिच्या बोटापाशी धरली. "काढ," म्हटलं, "मी सांगतो ना. काढ."

तिनं बोट पुडीत घातलं नाही. हात तसाच माझ्या हातात ठेवून ती त्याच्याकडे बघत राहिली. साठ वर्षं सगळ्या घराला सोवळं-ओवळं सांगणारी माझी आई, आणि तिनं अगदी हळू, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी येऊन विचारलं,

"हात धुवून काढू, की कोरड्यानं?"